राजाची बाग, मुलांची सुटी

म्हैसूरला सहकुटुंब जाणाऱ्या मराठी प्रवाशांचा दिवस बहुधा ठरलेला असतो : सकाळी प्राणिसंग्रहालय, दुपारी राजवाडा आणि दिवेलागणीला वृंदावन बाग. मुलांच्या आनंदाचा म्हणून परिचित असलेला हा मार्ग वस्तुतः एका संस्थानाच्या इतिहासातून जातो. ही तिन्ही स्थळे राजसत्तेने आपल्यासाठी किंवा आपल्या नावलौकिकासाठी उभारली. मुले तेथे मागाहून आली आणि हळूहळू त्या स्थळांची खरी धनी झाली.

वन्य प्राणी बाळगणे हे पूर्वी राजवैभवाचे लक्षण होते. पुण्यात पेशव्यांचा शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये रेखाटले. म्हैसूरला दहावे चामराजेंद्र वाडियार यांनी १८९२ मध्ये उन्हाळी वाड्याच्या आवारात सुमारे दहा एकर जागेत प्राणिसंग्रहालय स्थापिले. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे पुत्र चौथे कृष्णराज अवघे दहा वर्षांचे होते. १९०९ मध्ये या संग्रहालयास दिवंगत राजाचे नाव देण्यात आले आणि १९४८ मध्ये ते शासनाच्या स्वाधीन झाले. राजाचा छंद अशा रीतीने प्रजेची मिळकत झाला.

वृंदावन बागेचा जन्म निराळ्या प्रेरणेतून झाला. कावेरीवरील कृष्णराजसागर धरण हे शेतीसाठी आणि विजेसाठी बांधलेले. त्याच्या पायथ्याशी दिवाण मिर्झा इस्माईल यांनी काश्मीरच्या शालिमार बागेचा आदर्श समोर ठेवून पायऱ्यापायऱ्यांची बाग रचली. काम १९२७ मध्ये सुरू होऊन १९३२ मध्ये पुरे झाले. कारंज्यासमोर थबकलेल्या मुलाला धरणाचे गणित ठाऊक नसते. तरीही पाणी अडवण्याच्या विद्येशी त्याची पहिली ओळख तेथेच होते.

म्हैसूरचा दसरा हा या साऱ्याचा कळस. वाडियारांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे त्याचा आरंभ केला, अशी परंपरा आहे. विजयादशमीला हत्तींची मिरवणूक राजवाड्यातून बन्निमंटपाकडे जाते. बन्नी म्हणजे आपली शमी. घरोघरी या दिवसांत बाहुल्या मांडतात. त्यांत लाकडी राजा-राणीची जोडी मानाची असते. महाराष्ट्रात मुले दिवाळीला मातीचे किल्ले करतात, तसाच हा इतिहासाशी खेळण्याचा प्रकार. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. पूर्वी ज्या सुवर्ण अंबारीत महाराज बसत, तीत आता चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होते. वडिलांच्या खांद्यावर बसून मिरवणूक पाहणाऱ्या मुलाला राजा दिसत नाही. दिसतो तो अंबारी वाहणारा हत्ती.

१९७९ मध्ये येथे रेल्वे संग्रहालय सुरू झाले. जुनी इंजिने आणि महाराणींचा खास डबा यांच्या शेजारी मुलांसाठी छोटी गाडी धावू लागली. पुण्याच्या पेशवे उद्यानातील फुलराणी १९५६ पासून हेच सुख देत आली होती.

या आनंदाला एक सावलीही आहे. मुलाचा हर्ष आणि प्राण्याचा बंदिवास यांच्यामध्ये एका कुंपणाचेच अंतर असते. २०२० च्या टाळेबंदीत प्राणिसंग्रहालयाचे दरवाजे बंद झाले आणि तिकिटांचे उत्पन्न थांबले. मात्र आतल्या जिवांची भूक थांबली नाही. प्राणी दत्तक घेण्याची योजना तेथे होतीच. त्या काळात अनेक नागरिकांनी तिच्यामार्फत त्यांच्या पोषणाचा भार उचलला. राजाने पोसलेला वाघ सामान्य माणसांच्या पैशावर जगला, ही घटना १९४८ च्या हस्तांतराइतकीच महत्त्वाची मानावी लागेल. मालकी कागदाने मिळते, पण जबाबदारी स्वीकारावी लागते. सुटीच्या दिवशी बोट धरून आलेल्या मुलाला हत्ती दाखवताना तो कोणाचा, हेही कोणीतरी सांगायला हवे.