फ्लोरिनेझ
फ्लोराइड आयन आणि कार्बन यांच्यात थेट बंध जुळवणारे, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस वंशातील काही जीवाणूंत आढळणारे विकर (एंझाइम). फ्लोरीन भूकवचात मुबलक असूनही (चंद्रपूर, यवतमाळकडच्या विहिरींच्या पाण्यात तर ते त्रासदायक प्रमाणात उतरते) सजीवांनी घडविलेली फ्लोरीनयुक्त संयुगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. कारण पाण्यात फ्लोराइडभोवती जलरेणूंचे इतके घट्ट वेष्टन असते की ते विक्रियेला जवळजवळ निरुपयोगी ठरते. स्ट्रेप्टोमायसीस कॅटलेया या जीवाणूतील हे विकर सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील डेव्हिड ओहेगन व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जाहीर केले. त्याच्या क्रियास्थानात फ्लोराइड हे वेष्टन टाकून शिरते आणि एस-अ‍ॅडिनोसिलमिथिओनिनमधील शर्करेच्या पाचव्या कार्बनवर मागील बाजूने आघात करते, तेव्हा मिथिओनिन सुटते व फ्लोरोडीऑक्सिअ‍ॅडिनोसीन तयार होते. त्यापासून इतर विकरे फ्लोरोअ‍ॅसिटेट हे जहाल विष व 4-फ्लोरोथ्रिओनिन हे प्रतिजैविक बनवतात. भारतातील मातीच्या नमुन्यातून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसीस कॅल्व्हसची तऱ्हा मात्र न्यारी : त्याच्या न्यूक्लिओसिडिन या प्रतिजैविकात फ्लोरीन असल्याचे 1969 मध्ये कळले, पण ते शर्करेच्या चौथ्या कार्बनला जोडलेले असते आणि या जीवाणूच्या जीनोममध्ये फ्लोरिनेझचे जनुकच नाही.