रजेची चिठ्ठी आणि चार पेन्सांचें अंथरूण



१८५० च्या सुमारास लंडन शहरांत एका पेनीला काय मिळत असे, ह्या हिशेबापासून मी आजच्या भाषणास आरंभ करतों. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हें कोष्टक आपणांपैकीं कित्येकांनीं पाठ केलेलें असेल. एका पेनीला रस्त्यावरच्या गाड्यावर कॉफीचा भरलेला पेला मिळे. आणखी अर्ध्या पेनीला लोणी लावलेला पावाचा तुकडा. हिवाळ्यांत अर्ध्या पेनीचा भाजलेला बटाटा आधीं हात शेकावयास आणि मग पोटास उपयोगी पडे. १८४६ च्या कायद्यान्वयें निघालेल्या सार्वजनिक स्नानगृहांत एका पेनीला थंड पाण्याचें स्नान होई, दोन पेन्सांना ऊन पाण्याचें, आणि टॉवेल त्याच दरांत. रात्रीं पाठ टेकावयास तीन किंवा चार पेन्सांत अंथरूण मिळे. हे दर ऐकून कोणासहि वाटेल कीं, ह्या अफाट शहरांत गरिबास जगणें फारसें अवघड नसावें. परंतु ज्या माणसाविषयीं मी बोलणार आहें, त्याला ह्या प्रत्येक वस्तूवर पेनीखेरीज आणखी कांहीं मोजावें लागे. तो माणूस तुरुंगांतून नुकताच सुटलेला होता.

गंभीर गुन्हेगारांना देशाबाहेर घालविण्याची इंग्लंडांतील चाल जुनी. आपण जिला काळें पाणी म्हणतों तीच ही शिक्षा. १७८८ सालापासून असे कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरूं लागले. मुदत संपल्यावरहि त्यांतले बहुतेक तिकडेच राहात, आणि लंडनकरांना त्यांचें तोंड पुन्हा पाहावें लागत नसे. पुढें वसाहतींनींच हा माल नको म्हटलें. टास्मानियाचें दार १८५३ सालीं लागलें. पश्चिम ऑस्ट्रेलियाचें तेवढें १८६८ पर्यंत किलकिलें राहिलें. तेव्हां १८५३ च्या कायद्यानें पुष्कळांची शिक्षा देशांतल्याच तुरुंगांत भोगवून घेण्याचें ठरलें, आणि वर्तणूक बरी असल्यास मुदतीपूर्वीं सशर्त सोडण्याची सोय झाली. ह्या सुटकेच्या परवान्यास ‘टिकेट ऑफ लीव्ह’, म्हणजे रजेची चिठ्ठी, असें नांव पडलें.

चिठ्ठीवर अटी असत. नवा गुन्हा केला तर ती रद्द होई, हें ओघानेंच आलें. पण गुन्हा न करतांहि ती रद्द होऊं शके. माणूस नामांकित बदमाषांच्या संगतींत दिसला, आळसांत व दुराचारांत दिवस घालवूं लागला, किंवा प्रामाणिक चरितार्थाचें उघड साधन त्याच्यापाशीं आढळलें नाहीं, तर त्याला उरलेली शिक्षा भोगावयास परत पाठवितां येत असे. अटी वाचावयास वाजवी वाटतात. मलाहि प्रथम तशाच वाटल्या. चार पेन्सांच्या अंथरुणाशीं त्यांची गांठ घालून पाहीपर्यंतच.

समजा, हा माणूस टेम्सकांठच्या मिलबँक तुरुंगाच्या दारांतून बाहेर पडला. (त्या तुरुंगाच्या जागेवर १८९७ सालीं टेट चित्रशाळा उघडली.) तुरुंगांतील कामाबद्दल साठलेली थोडीशी रक्कम त्याच्या पदरीं असे. स्वतंत्र खोली घ्यावयाची तर भाडें आगाऊ आणि मागें कोठें राहात होता ह्याची चौकशी. राहतां राहिलें सार्वजनिक निजघर. तेथें नांवगांव कोणी विचारीत नसे. स्वयंपाकघरांत मोठी चूल दिवसभर पेटलेली, तिच्यावर कोणींहि आपली हेरिंग मासळी भाजून घ्यावी. म्हणजे कोळशाचा खर्च वांचला. थंडीच्या देशांत ही केवढी सोय आहे, हें मुंबईच्या हवेंत बसून चटकन ध्यानांत येणार नाहीं. पण त्याच चुलीभोंवतीं हातगाडीवाले, मोलकरी आणि भिकारी ह्यांच्या जोडीला खिसेकापू आणि घरफोडेहि बसलेले असत. लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांच्या खटपटीनें १८५१ सालीं निजघरांची नोंदणी व तपासणी ह्यांचा कायदा झाला. तो आरोग्याच्या दृष्टीनें मोठाच उपकार होय. लंडनांत ही तपासणी पोलिसांकडे सोंपविली गेली. म्हणजे सरकारचीच अट सांगे, बदमाषांत वावरूं नकोस. परवडणारें अंथरूण बदमाषांच्या मधोमध घातलेलें असे. आणि तो तेथें निजला आहे कीं काय हें पाहावयास दिवा घेऊन पोलीसच येत.

अंगावरच्या कपड्यांची गोष्ट त्या मानानें सोपी. हाउंड्सडिचच्या बाजारांत सर्व शहराचे टाकलेले कोट आणि पाटलोणी विकावयास येत. सेव्हन डायल्समध्यें जुने बूट उसवून, दोहोंचा एक करून, काळें फांसून पुन्हा विकणारे कारागीर होते. त्यांना ‘ट्रान्सलेटर’, म्हणजे भाषांतरकार, म्हणत. (आमच्यांतील कांहीं ग्रंथकारांनीं हें नांव मनावर घेऊं नये.) धुण्यासाठीं सार्वजनिक धुणीघरांत तासाला एक पेनी पडे, तेथें ऊन पाणी असे आणि कपडे वाळवावयाची सोयहि असे. तथापि, ज्याच्यापाशीं सदरा एकच, त्यानें तो वाळेपर्यंत काय पांघरून बसावें, ह्याची तरतूद कोणत्याच कायद्यांत नव्हती.

खरी अडचण कामाची. इंग्लंडांत घरगडी, मोलकरीण, गुदामवाला, कोणीहि ठेवावयाचा तर आधींच्या धन्याकडून वर्तणुकीचा दाखला लागे. खोटा दाखला देणारास वीस पौंड दंड, असा कायदा १७९२ सालापासून होता. पांच वर्षें तुरुंगांत काढलेल्यानें कोणाचा दाखला आणावा? आणि काम नाहीं म्हणजे ‘चरितार्थाचें उघड साधन’ नाहीं, म्हणजे चिठ्ठी धोक्यांत!

ह्या लोकांचें म्हणणें त्यांच्याच तोंडून ऐकावें, असें एका माणसास वाटलें. त्याचें नांव हेन्री मेह्यू. ‘पंच’ ह्या विनोदी साप्ताहिकाच्या १८४१ मधील संस्थापकांपैकीं हा एक. पुढें लंडनच्या गरिबांच्या धंद्यांची त्यानें जी पाहणी केली, तिच्यामुळें इतिहासास तो अधिक उपयोगी पडला. मीं आतांपर्यंत सांगितलेले रस्त्यावरचे दर बहुतेक त्याच्याच टिपणांतले आहेत. १२ मार्च १८५६ रोजीं संध्याकाळीं होबर्न भागांतील नॅशनल हॉलमध्यें त्यानें रजेच्या चिठ्ठीवर सुटलेल्यांची सभा बोलाविली. चिठ्ठी दाखवील त्यालाच प्रवेश. जो कागद सगळ्या शहरांत लपवून ठेवावा लागे, तो त्या एका रात्रीं दारावर उघडून दाखविला कीं मान मिळे! सुमारें पन्नास माणसें जमलीं. कित्येकांनीं उभें राहून आपली हकीकत सांगितली. काम मिळालें तरी पोलिसांकडून पूर्वेतिहास धन्याच्या कानीं जातो आणि काम सुटतें, ही त्यांची मोठी तक्रार होती. त्यांतलें प्रत्येक वाक्य खरें धरावें असें मी म्हणणार नाहीं. आपली बाजू मांडणारा माणूस थोडी मीठमिरची लावतोच. परंतु पन्नास अनोळखी माणसें एकाच ठिकाणीं बोट ठेवतात, तेव्हां तेथें दुखत असलेंच पाहिजे.

दाखला न मागणारा धंदा एकच उरे, तो रस्त्यावरचा: हातगाडीवर भाजी, फळें किंवा मासळी घालून ओरडत फिरावयाचें. येथें गिऱ्हाईक सफरचंद पाहतें, विकणाऱ्याची चिठ्ठी पाहात नाहीं. पण गाडी आणावयाची कोठून? ती दिवसाला तीन-चार पेन्स देऊन भाड्यानें मिळे. मालासाठीं लागणारें भांडवल देणारे सावकारहि होते, आणि त्यांचा दर मेह्यूनें नोंदलेला आहे: आठवड्याला शेंकडा वीस. वर्षाचा हिशेब करा; शंभर पौंडांवर एक हजार चाळीस पौंड व्याज होतें. आपल्याकडचे मारवाडी आणि पठाण ह्यांच्या नांवानें बोटें मोडणारांनीं हा आंकडा जरूर लिहून ठेवावा. नवी गाडी विकत घ्यावयाची तर ती दोन पौंडांच्या आसपास पडे, आणि भाडेकरू वर्षभरांत तेवढी किंमत भरूनहि गाडी मालकाचीच राही. मेह्यूच्या पानांतून मला जें दिसतें तें हेंच: त्या शहरांत स्वस्त तें सर्व होतें, पण स्वस्तांत विकत घेण्याइतका पैसा एकदम हातांत नसल्यामुळें गरीब माणूस तीच वस्तु महागांत वापरी, आणि सुटलेला कैदी तर गरिबांतहि शेवटचा.

म्हणूनच पुढील कायद्यांतील एक आंकडा मला लक्षणीय वाटतो. सुटलेल्या कैद्यांस साहाय्य करणारी संस्था लंडनांत १८५७ सालीं निघालेली होती. १८६२ सालीं पार्लमेंटनें ठरविलें कीं, अशा मान्य संस्थांच्या हातीं दर कैद्यामागें दोन पौंडांपर्यंत रक्कम द्यावयास हरकत नाहीं. दोन पौंड, म्हणजे बरोबर एक हातगाडी! कायदा करणारांच्या मनांत गाडी नसेलहि. पण रक्कम ज्याच्या कामीं येई, त्याची सावकारापासून सुटका होई.

दुर्दैवानें त्याच वर्षीं जुलैमध्यें पार्लमेंटच्या एका सभासदास रात्रीं भर रस्त्यांत गळा आवळून लुटलें गेलें. वर्तमानपत्रांनीं रजेच्या चिठ्ठीवाल्यांवर एकच गहजब केला, आणि १८६४ च्या कायद्यानें त्यांना दरमहा पोलिसांकडे हजिरी लावणें भाग पडलें. १८५६ च्या सभेंत ज्याची तक्रार झाली, तेंच आतां कायद्यानें घडूं लागलें. लोकांची भीति खोटी होती असें नाहीं. लुटलेल्या माणसाचा गळा खराच आवळला गेला होता. तरी पण गाडी ढकलीत महिन्याच्या महिन्याला पोलीसकचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्याकडे शेजारचा भाजीवाला कोणत्या नजरेनें पाहात असेल, ह्याचा विचार त्या गडबडींत कोणीं केलेला दिसत नाहीं. निजण्याची बरी सोय होण्यास तर १८९२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं लॉर्ड रौटन ह्यांनीं व्हॉक्सहॉल येथें सहा पेन्सांत प्रत्येकास निराळी लहानशी खोली देणारें घर उघडलें.

एक गोष्ट मात्र फुकट होती, आणि ती सांगून मी थांबतों. उन्हाळ्यांत पाणपोई घालणें आपल्याकडे पुण्याचें मानतात. लंडनांत पाणी खासगी कंपन्यांच्या मालकीचें होतें, आणि तहान लागलेल्या गरिबास बीअरच्या गुत्त्यांत शिरणें हाच सोपा मार्ग असे. २१ एप्रिल १८५९ रोजीं शहरांतील पहिली फुकट पाणपोई स्नो हिलवरच्या सेंट सेपल्कर चर्चच्या कठड्यांत सुरू झाली. ती उभारण्यांत पुढाकार सॅम्युएल गर्नी ह्यांचा. तुरुंगसुधारणेसाठीं प्रसिद्ध असलेल्या एलिझाबेथ फ्राय ह्यांचे ते भाचे. आणि जागा होती न्यूगेटच्या तुरुंगासमोर. पुढें १८६७ सालीं ती तेथून हलविण्यांत आली आणि १९१३ सालीं परत आणून बसविण्यांत आली. पेले साखळीनें बांधलेले होते. पाणी पिऊन झाल्यावर पेला जागेवर ठेवावा, एवढीच सूचना दगडावर कोरलेली होती.