साथीच्या काळात बुजुर्गांचा रस्त्याने प्रवास : जायचे की थांबायचे?

मार्च 2020 नंतरची दोन वर्षे आपल्या जालना जिल्ह्यात किती घरांत हा प्रश्न रात्रीच्या दस्तरख्वानावर निघाला असेल, त्याची मोजदाद नाही. मुलगी औरंगाबादला बाळंतीण, भाऊ परभणीत आजारी, पुण्यात पुतण्याचा निकाह, आणि घरात साठी-सत्तरीच्या अम्मी नाहीतर अब्बा बॅग भरून बसलेले. तरुण मंडळी नको म्हणतात, बुजुर्ग रुसतात. कोणाचेच पूर्ण चूक नसते. साथी पुन्हा येतात, म्हणून त्या दोन वर्षांत आपण काय पाहिले, कोणत्या गोष्टी पाहून निर्णय घ्यायचा, हे एका जागी लिहून ठेवत आहोत.

आम्ही शिक्षक. शाळा बंद होत्या, पण शिक्षकांना सुट्टी नव्हती. आधी काही दिवस जिल्ह्याच्या हद्दीवर चेकपोस्टची ड्युटी लागली. पुढे 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, तेव्हा ऑक्सिमीटर आणि वही घेऊन गल्लोगल्ली फिरलो. चेकपोस्टच्या रजिस्टरमध्ये नाव, कुठून, कुठे आणि कारण असे रकाने होते. म्हाताऱ्या माणसांच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘दवाखाना’ किंवा ‘मयत’ लिहावे लागे. सहलीला निघालेले बुजुर्ग आम्हाला एकही भेटले नाहीत. म्हणून ‘या वयात फिरायची हौस कशाला’ असे कोणी म्हटले की आम्हाला पटत नाही.

नियम काय होते, ते आधी थोडक्यात. 25 मार्च 2020 पासून देशभर लॉकडाऊन. 65 वर्षांवरील व्यक्ती, मधुमेह-दमा-हृदयरोग असलेले, गरोदर स्त्रिया आणि 10 वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक काम किंवा उपचार सोडून घरीच राहावे, अशी केंद्राची सूचना होती. जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. एसटीची आंतरजिल्हा सेवा 20 ऑगस्ट 2020 ला सुरू झाली, आणि खासगी गाड्यांसाठीचा ई-पास 2 सप्टेंबरपासून बंद झाला. तेव्हा चारचाकीत चालक अधिक तीन अशी मर्यादा होती. दुसऱ्या लाटेत 22 एप्रिल 2021 च्या रात्री 8 पासून पुन्हा कुलूप लागले. जिल्ह्याबाहेर जायला फक्त तातडीचे उपचार, अंत्यविधी अशीच कारणे, नियम मोडला तर 10,000 रुपये दंड. लग्नाला 25 माणसे आणि दोन तास. दुसऱ्या जिल्ह्यातून बसने आलेल्यांच्या हातावर 14 दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का. 7 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि 1 एप्रिल 2022 ला राज्यातले सगळे निर्बंध उठले.

पास असूनही माणसे परत फिरलेली आम्ही पाहिली. एका ओमनीत एक मुलगा, त्याचे वडील, आई आणि खाला होत्या, आणि पासवर सहप्रवासी एकच. साठ किलोमीटर आलेली गाडी हद्दीवरून वळली. खालाजान रडत होत्या, मुलगा आमच्याकडे पाहत होता, आमच्या हातात काही नव्हते. पास लागत असेल त्या काळात गाडीतल्या प्रत्येक डोक्याची नोंद पासवर आहे का, दवाखान्याचा कागद सोबत आहे का, परतीची तारीख धरली आहे का, हे घरीच दोनदा वाचावे.

कारणाचे वजन

प्रवासाची कारणे सगळी एका मापाची नसतात. पहिला वर्ग उपचाराचा. डायलिसिस, केमो, हृदयाची तपासणी, डोळ्यांचे अडलेले ऑपरेशन. जालन्याहून औरंगाबादच्या घाटीत किंवा आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणारे बुजुर्ग कितीतरी आहेत. कोरोनाच्या भीतीने असे प्रवास टाळणे चुकीचे ठरते. साथ टळली आणि आधीचा आजार वाढला, तर त्यात कमावले काय? फक्त डॉक्टरांना फोन करून एवढे विचारावे की तारीख पुढे सरकते का, आणि गोळ्या-औषधांपुरते काम ‘ई-संजीवनी’वर किंवा गावातल्या डॉक्टरांकडे होते का. नुसते रिपोर्ट दाखवायला अब्बांना नेण्यात अर्थ नाही, मुलगा एकटा कागद घेऊन जाऊ शकतो.

दुसरा वर्ग लग्न-निकाह, अकीका, उर्स, दावत. या वर्गाला आम्ही सरळ ‘थांबा’ म्हणतो. बंद हॉल, जेवताना उतरलेले मास्क, गळाभेट आणि मोठ्याने बोलणे, हवेतून पसरणाऱ्या आजाराला यापेक्षा सोयीची जागा नाही. निकाह दोन साक्षीदारांतही होतो. नानी नंतर दुल्हनला घरी बोलावून दुआ देऊ शकते.

तिसरा वर्ग अवघड. आजारी भाऊ, बहीण, जुनी मैत्रीण, आणि मय्यत. इथे आधी एक गोष्ट विचारावी : गेल्यावर भेट होणार आहे का? 2020-21 मध्ये कोविड वॉर्डात नातेवाइकांना आत जाऊ देत नव्हते. तीनशे किलोमीटर जाऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसलेले म्हातारे आईबाप कित्येकांनी पाहिले आहेत. पेशंटशी बोलणे शेवटी फोनवरच झाले, आणि तेवढ्या दिवसांत त्यांचाच धोका वाढला. पेशंट घरी असेल, आजार दुसरा असेल, तर हिशोब वेगळा.

आमच्या घरचा हिशोब

आमच्या अम्मी तेव्हा 68 वर्षांच्या, शुगर जुनी. त्यांचे मोठे भाऊ, आमचे मामू, पुण्यात. कॅन्सर होता, इलाज संपवून घरी आणले होते. 2020 च्या सप्टेंबरात ई-पास बंद झाला तेव्हा अम्मी म्हणाल्या, “चला, आता रस्ता खुला झाला.” पण पुण्यात तेव्हा साथ जोरात होती, म्हणून आम्ही नको म्हटले, आणि ते बरोबरच होते. चूक पुढे झाली. डिसेंबर-जानेवारीत रुग्ण खूप कमी झाले होते. त्या वेळी आम्ही म्हटले, पूर्ण संपू द्या, लस येतेच आहे, मग निवांत जाऊ. फेब्रुवारीच्या मध्यात अमरावती-अकोल्याकडून आकडे पुन्हा चढले. 1 मार्चला साठीवरच्यांचे लसीकरण सुरू झाले, अम्मींनी पहिला डोस घेतला. दुसरा मिळेपर्यंत एप्रिल आला, रमजान आला आणि रस्ते बंद झाले.

अम्मींचे म्हणणे एकच होते, “जीते जी मिलना है बेटा, बाद में जाके क्या करूं?” आम्ही कागदावर लिहून काढले. डोस एकच. मधुमेह. पुण्यातल्या त्या घरात नोकरीला बाहेर जाणारे तिघे. रस्ता सहा-सात तासांचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वाटेत किंवा तिथे अम्मींना त्रास झाला तर बेड मिळेल याची खात्री त्या एप्रिलमध्ये ना पुण्यात होती, ना औरंगाबादला, ना जालन्यात. आम्ही गेलो नाही. रोज इफ्तारनंतर व्हिडिओ कॉल लावायचो. मामूंना बोलता येत नव्हते, मुमानी फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरायच्या. ईद 14 मे ला झाली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत मामू गेले.

एप्रिलचा निर्णय चुकला असे आम्हाला आजही वाटत नाही. जानेवारीचा चुकला. साथ लाटांनी येते, आणि दोन लाटांच्या मधला काळ म्हाताऱ्या माणसासाठी लाखमोलाचा असतो. ‘पूर्ण संपू द्या’ हे वाक्य पंचविशीतल्या माणसाला परवडते. ज्यांच्या भेटी आधीच मोजक्या उरल्या आहेत, त्यांना घेऊन जायचे असेल तर रुग्ण कमी असताना, काळजी घेऊन, लवकर जाऊन यावे.

लसीबद्दल इतकेच की डोस घेतल्याबरोबर संरक्षण येत नाही. दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवडे धरावेत, प्रवास त्यापुढे ठेवावा. लस घेतलेल्यालाही लागण होते, पण आजार गंभीर होण्याचा धोका बराच कमी होतो, आणि साठीपुढे प्रश्न त्याचाच असतो.

“मौत जहां लिखी है”

हे वाक्य बुजुर्गांकडून ऐकले नाही असे घर नसेल. याला उलट उत्तर देऊन वाद वाढवू नये. त्यांनाच माहीत असलेला वाकया आठवण करून द्यावा. हिजरी 18 च्या सुमारास हजरत उमर रजि. शामकडे निघाले होते. वाटेत सर्ग इथे खबर मिळाली की पुढे ताऊन पसरला आहे. मशवरा करून ते मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे हजरत अबू उबैदा रजि. यांनी विचारले, तेव्हा त्यांच्या जवाबाचा मतलब असा होता की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडेच जात आहोत. साथ असलेल्या ठिकाणी जाऊ नये आणि आपल्या ठिकाणी साथ असेल तर तिथून पळून जाऊ नये, ही हदीस हजरत अब्दुर्रहमान बिन औफ रजि. यांनी त्याच प्रसंगी सांगितली. तिचा दुसरा भाग आपण विसरतो. आपणही आजार घेऊन जाणारे असू शकतो. गावाकडच्या म्हाताऱ्या फुफीला शहरातून भेटायला जाणाऱ्या तरुणांनी तर हे आधी लक्षात घ्यावे.

गाडी आणि रस्ता

जायचे ठरले तर स्वतःची किंवा ओळखीची गाडी सगळ्यात बरी, त्यानंतर एसटी. काळी-पिवळीत दाटीवाटीने बसणे बुजुर्गांसाठी सगळ्यात वाईट. 2021 च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल 2022 पर्यंत चालला. नेमकी त्याच काळात तिसरी लाट आली, आणि मंठा, परतूर, भोकरदन भागातल्या म्हाताऱ्यांना जीपशिवाय पर्याय उरला नाही. अशा वेळी दोन घरांनी मिळून एक गाडी करावी, पण माणसे कमीच बसवावीत.

गाडीत एसी लावून काचा बंद करू नयेत. चारही काचा थोड्या उघड्या ठेवल्या तर हवा खेळती राहते. ते जमत नसेल तर निदान समोरच्या आणि मागच्या बाजूची, तिरप्या कोनात येतील अशा दोन काचा उघडाव्यात. बुजुर्गांना चालकाच्या मागे न बसवता मागच्या सीटवर दुसऱ्या बाजूला बसवावे. चालक भाड्याचा असेल तर त्याला ताप-खोकला नाही ना, हे निघायच्या दिवशी विचारायला लाजू नये. कानात यंत्र असलेल्यांना डोक्यामागे बांधायचा मास्क द्यावा. कानाला अडकवायचा मास्क काढताना यंत्र निघून पडते. आमच्या एका चाचांचे असेच हरवले, आणि ते महाग होते.

लांब बसून राहिल्याने पायांच्या नसांत रक्ताची गाठ होण्याचा धोका म्हातारपणी वाढतो. दीड-दोन तासांनी थांबून दहा मिनिटे चालवावे. आपल्याकडच्या बायका रस्त्यात टॉयलेट चांगले मिळणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेह असलेल्या बाईसाठी हे धोक्याचे आहे. म्हणून कुठे थांबायचे हे आधी ठरवावे : नातेवाइकाचे घर, मोठा पेट्रोल पंप, गर्दी नसलेली मस्जिद जिथे महिलांची सोय आहे. जेवण घरचेच, गाडीत किंवा झाडाखाली. पराठे, उकडलेली अंडी, मोसंबी चालते. कीमा उन्हाळ्यात नको.

औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा एक आठवडा जास्त घ्यावीत, इन्सुलिन थंड पिशवीत, डिकीत नाही. एका कागदावर वय, आजार, गोळ्यांची नावे, कशाची ॲलर्जी, लसीच्या तारखा आणि दोन फोन नंबर लिहून बुजुर्गांच्याच खिशात ठेवावेत. वाटेत काही झाले तर 108 वर फोन करावा, ही रुग्णवाहिका मोफत आहे.

नमाजबद्दल बरेच जण विचारतात. हनफी मसलकात साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढे जाणारा मुसाफिर होतो, काही उलमा 92 किलोमीटर धरतात. म्हणजे जालना-औरंगाबाद या साठ किलोमीटरवर कसर नाही, पुण्याला जाताना आहे. रमजानमध्ये मुसाफिर आणि बीमार दोघांनाही रोजा पुढे ठेवायची सवलत आहे. शुगरच्या माणसाने रोजा धरून सहा तास गाडीत बसण्याचा हट्ट करू नये. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारावे.

परत आल्यावर

कोविडची लक्षणे लागण झाल्यावर 2 ते 14 दिवसांत, बहुतेकदा पाच-सहा दिवसांत दिसत होती. त्यामुळे परतल्यावर एक आठवडा तरी वेगळी खोली, वेगळा ग्लास-ताट, आणि सकाळ-संध्याकाळ ताप व ऑक्सिजनची नोंद. ऑक्सिजन 94 च्या खाली गेला तर घरी बसून काढा पीत थांबू नये. सर्व्हेत आम्हाला असे म्हातारे भेटले की मशीन 90 दाखवते आणि ते म्हणतात, मला काहीच होत नाही. दम लागलेला नसतो, बोलणे ठीक असते, घरच्यांना मशीन बिघडले वाटते. दुसऱ्या बोटाला लावून पाहावे, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर काढून किंवा दुसरे बोट घेऊन पाहावे, आणि आकडा तोच आला तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

आम्ही अम्मींना पुण्याला नेले ते मे 2022 मध्ये, तिन्ही डोस झाल्यावर. वाटेत चार वेळा थांबलो. मुमानींनी मामूंचा चष्मा आणि तसबीह अम्मींसाठी वेगळी काढून ठेवली होती.