नर्व्ह गॅसवरचा उतारा

१० डिसेंबर १९३६ रोजी ऑटो लोवी आणि हेन्री डेल यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. चेतातंतूकडून हृदयाकडे किंवा स्नायूकडे जाणारा संदेश रासायनिक पदार्थामार्फत पोचतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. या पदार्थांपैकी प्रमुख म्हणजे ॲसिटिलकोलीन. पुढे दोनच आठवड्यांनी, २३ डिसेंबरला, जर्मनीत लेव्हरकुसेन येथे गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती एक जहाल संयुग लागले. तो पिकांवरचा मावा मारण्यासाठी फॉस्फरसची सेंद्रिय संयुगे तयार करीत होता. दोन लाख भागांत एक भाग इतके पातळ करूनही या संयुगाने सगळा मावा मेला. जानेवारीत श्राडर आणि त्याचा साहाय्यक या दोघांच्याही डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, त्यांना श्वास घेणे जड जाऊ लागले. लष्करी उपयोगाचे शोध सरकारला कळवण्याचे बंधन होतेच. कीटकनाशकाचे अस्त्र झाले. त्याला टाबून हे नाव मिळाले. १९३८ मध्ये त्याहून जहाल सारिन आले.

हे विष नेमके काय करते? वर्गात सांगताना विजेच्या घंटेचे उदाहरण घ्यावे. बटण दाबले की घंटा वाजते, बोट उचलले की थांबते. ॲसिटिलकोलीन म्हणजे बटणावरचे बोट. संदेश पोचताच कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्याचे तुकडे करते, म्हणजेच बोट उचलते. टाबून आणि सारिन या विकरालाच घट्ट चिकटतात आणि ते निकामी करतात. मग घंटा वाजतच राहते. लाळ, घाम, अश्रू वाहू लागतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसे स्रावाने भरतात, स्नायू थरथरून लुळे पडतात. मृत्यू येतो तो श्वास बंद पडून.

जर्मनीने महायुद्धात सुमारे बारा हजार टन टाबून तयार केले, पण रणांगणावर वापरले नाही. लोवींचे हाल मात्र चुकले नाहीत. ते ज्यू होते. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यावर ग्राट्स येथे त्यांना अटक झाली आणि नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत जमा केल्यावरच देश सोडता आला.

उताऱ्याचा पहिला भाग युद्धाच्या कितीतरी आधी तयार होता. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार या शेंगेच्या बियांतले विषही हेच विकर अडवते. एडिंबरोच्या टॉमस फ्रेझर यांनी १८७० च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांत ॲट्रोपीन देऊन त्या विषाचा परिणाम रोखता येतो, असे दाखवले होते. ॲट्रोपीन बेलाडोनात असते, आपल्या बांधावरच्या धोत्र्यातही असते. धोत्र्याने बाहुल्या मोठ्या होतात, घसा कोरडा पडतो. या विषाच्या अगदी उलट. पण ॲट्रोपीन अडकलेले बटण सोडवत नाही, ते घंटेला कापूस गुंडाळते एवढेच. शिवाय लुळ्या पडलेल्या स्नायूंवर त्याचा इलाज चालत नाही.

बटण सोडवणारे औषध १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन यांनी शोधले. ते काम करीत होते ती प्रयोगशाळा डेव्हिड नाखमनसोन यांची. तेही जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू शास्त्रज्ञ. प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘पॅम’, विकराला चिकटलेला फॉस्फरस ओढून काढते. अट एकच, वेळेत मिळाले पाहिजे. चिकटलेले विष हळूहळू पक्के होते आणि मग पॅमलाही दाद देत नाही. सारिनच्या बाबतीत याला काही तास लागतात, सोमान या त्याच्या भावंडाला काही मिनिटेच पुरतात. म्हणून सैनिकाजवळ स्वतःच टोचून घेता येईल अशी सुई दिलेली असते.

इकडे श्राडरचे मूळ काम थांबले नव्हतेच. त्याचे पॅराथिऑन युद्धानंतर जगभरच्या शेतांत पोचले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेले धान्य खाऊन शंभरावर माणसे दगावली. आपला १९६८ चा कीटकनाशक कायदा होण्यामागे ती दुर्घटना होती. उताराही मग शेतीमागोमाग दवाखान्यांत गेला. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी सारिन सोडले, तेव्हा आकसलेल्या बाहुल्यांवरून डॉक्टरांना निदान सुचले. जपानी रुग्णालयांत पॅम होते ते कीटकनाशकाच्या विषबाधेसाठी ठेवलेले!

शेतकऱ्याला मात्र पॅमचा किती उपयोग होतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेली चाचणी २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आली. थांबून थांबून पॅम दिलेल्या शंभरांपैकी आठ दगावले, सतत मोठ्या मात्रेत दिलेल्या शंभरांपैकी एक. २००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या चाचणीत मात्र पॅमचा फायदा दिसलाच नाही, उलट ते दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. सैनिकाच्या श्वासातून सारिनचा अंश जातो. शेतकरी बहुधा औषधाची बाटलीच पितो. पोटातले प्रचंड विष आणि चरबीत मुरून दिवसेंदिवस झिरपत राहणारे विष, यांचा हिशेब युद्धासाठी औषध शोधणाऱ्यांनी केलेला नव्हता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना बाधा झाली. त्यांनी तर विष प्यायलेच नव्हते, ते अंगावर आणि श्वासावाटे गेले होते. शिवाय फवाऱ्यात अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र मिसळलेली असत.

म्हणून ग्रामीण रुग्णालयात आजही मुख्य भिस्त आहे ती ॲट्रोपीनवर. रोग्याचे कपडे काढून अंग साबणाने धुतात, प्राणवायू लावतात, आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जातात.