अवघड जागेचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, सनावळ्या असतात. पण जांघेत उठलेल्या फोडाला इतिहासकारानं कधी एखादं प्रकरण दिलंय, असं आठवतं का? नाही आठवणार. वास्तविक सिंहासनावर बसणाऱ्यालाही बसण्यासाठी तीच जागा लागते. म्हणून ही उणीव आज जमेल तेवढी भरून काढतो. सोवळ्या वाचकांनी हवं तर पान उलटावं. पण उलटणार नाहीत, याची मला खात्री आहे.

आमचं पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात येतं. वैशाखात पारा चव्वेचाळीसला टेकला, की घामानं अंगावरचा कपडा अंगाचाच भाग होऊन बसतो. अशा दिवसांत एखादा गृहस्थ पाय फाकवून, जपून जपून पावलं टाकत येताना दिसतो.

"काय झालं भाऊ?"

"काई नाई, पाय मुरगळला."

दोन्ही पाय एकदम कसे मुरगळले, हे विचारायचं नसतं. विचारणाराही कधीतरी असाच मुरगळलेला असतो.

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्यानं काढली, त्याचा या विषयाचा अभ्यास दांडगा असला पाहिजे. आमच्या गल्लीतल्या एका काकांचे जावई खरोखरच डॉक्टर. दिवाळसणाला ते आले आणि नेमकं त्याच वेळी काकांना केस्तूड झालं. चार दिवस काका उभ्यानं चहा प्याले. "बसा ना मामा," असं जावई म्हणाले, की काका म्हणत, "बसून बसून कंटाळा आला हो!" जावई गेले त्या दिवशी काकांनी ओटीवर पालथं पडून सुटकेचा निःश्वास टाकला.

केस्तूड हा आपल्या भाषेतला एक नामी शब्द आहे. केस तुटला, ओढला गेला, की त्याच्या मुळाशी फोड येतो, असं आपल्या आज्या सांगत. म्हणजे निदान शब्दातच बसवलेलं! आजचे त्वचारोगतज्ज्ञ तरी वेगळं काय सांगतात? घाम, घट्ट कपडा, घासणं किंवा वस्तरा यांनी केसाचं मूळ दुखावतं आणि सुजतं. कधी कापलेला केस उगवताना वाकडा होऊन परत कातडीतच शिरतो. मग तिथं लाल पुटकुळी येते आणि त्यात जंतू शिरले की पू होतो.

आपले पूर्वज याबाबतीत मुळीच लाजाळू नव्हते. सुश्रुतानं 44 क्षुद्ररोग मोजून ठेवले, त्यांत 'वृषणकच्छू' नावाचा एक आहे. अंग नीट न धुणाऱ्याच्या त्या जागी मळ साचतो, घामानं ओलावतो, खाज सुटते आणि खाजवलं की फोड येऊन स्रवू लागतात, असं त्याचं वर्णन. वाचताना वाटतं, सुश्रुत एखादा उन्हाळा आमच्याकडे काढून गेला असावा. इतकंच नव्हे, पुरुषत्व वाढवण्याच्या हौसेनं नाही नाही ते लेप लावून घेणाऱ्यांच्या दुखण्यांचे त्यानं 18 प्रकार वेगळे सांगितले आहेत. त्यातल्या एकात मोहरीएवढ्या पुटकुळ्या येतात, म्हणून त्याचं नाव सर्षपिका. हौस तेव्हाही होती आणि तिचे फोडही.

साहेबांच्या मुलुखात या फोडाचं रहस्य उलगडायला 1880 साल उजाडलं. पॅरिसला लुई पाश्चर यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या एका माणसाच्या गळवातला पू तपासून त्यात जंतू पाहिले. त्याच सुमारास स्कॉटलंडात अलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यवैद्याला पुवामध्ये द्राक्षांच्या घोसासारखे जंतू दिसले. त्यानं 1882 साली त्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं. 1884 साली रोझेनबाख या जर्मन डॉक्टरनं त्यातल्या पिवळ्या जातीला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, ठरवलं. आमचं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध. पण सोनं आपापल्या केस्तुडात असतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या दुखण्यानं जगाच्या राजकारणातही हात घातला आहे. 'दास कापिताल'चा पहिला खंड 1867 साली निघाला. तो लिहिताना कार्ल मार्क्स गळवांनी इतके बेजार होते, की त्यांना धड बसवत नसे. भांडवलदारांना माझी ही गळवं जन्मभर आठवतील, अशा अर्थाचं त्यांनी एंगल्सना कळवलं होतं. सॅम शुस्टर या त्वचारोगतज्ज्ञानं ही पत्रं तपासून 2007 साली निदान केलं, की मार्क्सना काखेत-जांघेत पुन्हा पुन्हा गळवं आणणारा एक चिवट रोग असावा. मार्क्स यांना बोललं पाहिजे, ते यासाठी की त्यांनी मित्राला मोकळेपणी लिहिलं. म्हणून दीडशे वर्षांनी का होईना, निदान झालं! आमचे काका कुणालाच लिहीत नाहीत.

आपल्याकडे लिहिण्याची सोय एका माणसानं करून दिली होती. र. धों. कर्वे यांनी 1927 साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. जे प्रश्न घरात विचारता येत नव्हते, ते वाचक त्यांना विचारत आणि कर्वे सरळ भाषेत छापील उत्तर देत. या उत्तरांपायीच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना 200 रुपये दंड झालाच. सुश्रुतानं जे बेधडक सांगितलं, ते सांगण्याला विसाव्या शतकात दंड पडावा, याला प्रगती म्हणायचं की काय, ते तुम्हीच ठरवा.

आता दंड होत नाही, पण तोंडही उघडत नाही. माणूस औषधाच्या दुकानात जातो, गिऱ्हाईकं पांगेपर्यंत दंतमंजनाच्या किमती वाचतो आणि मग हळूच "ते खाजेचं मलम द्या" म्हणतो. त्या मलमात बहुधा स्टेरॉईड असतं. दोन दिवस लाली जाते, मग कातडी पातळ होते आणि आतला संसर्ग फोफावतो. 2018 साली सरकारनं अशी 14 मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण चिठ्ठी आणायची तर डॉक्टरला दाखवावं लागतं, आणि तिथंच तर घोडं पेंड खातं. बायकांचं दुखणं तर आणखी आत. घरातल्या साऱ्यांच्या औषधांच्या वेळा पाठ असलेली बाई स्वतःचं मात्र शेवटपर्यंत कुणाला कळू देत नाही.

खरं म्हणजे बहुतेक पुटकुळ्या निरुपद्रवी असतात. वस्तरा काही दिवस लांब ठेवावा, कपडा सैल घालावा, कोमट पाण्यानं शेकावं आणि मुख्य म्हणजे पिळू नये. एवढ्यानं पुष्कळदा भागतं. काही बारीक पांढुरके दाणे तर रोगच नसतात, त्या जन्मजात तैलग्रंथी असतात. फॉर्डाइस या अमेरिकन डॉक्टरनं 1896 साली असे दाणे ओठांवर पाहून नोंदवले होते. पण ताप आला, फोड वाढत गेला, पुन्हा पुन्हा आला, न दुखणारी जखम दिसली किंवा अंगात मधुमेह असला, तर मात्र सरळ डॉक्टर गाठावा.

जागा अवघड असते ती आपल्याला. डॉक्टरनं त्या दिवशी सकाळपासून तसल्या चार पाहिलेल्या असतात. आणि अगदी जावई डॉक्टर असलाच, तर त्याला म्हणावं, "जावईबापू, तुमच्या एखाद्या मित्राचं नाव सांगा." तो कारण विचारणार नाही. त्याचाही सासरा आहे, हे त्याला ठाऊक असतं.