हिवरे बाजारचे पाणी

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतले गाव. १९७२च्या दुष्काळानंतर डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामसभेने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली. १९९४मध्ये आदर्श गाव योजनेत निवड झाल्यावर सरकारी निधीला गावाच्या घामाची जोड मिळाली. माथ्यावर समतल चर, ओढ्यांवर बंधारे, मोकळ्या जागेत झाडे अशी कामे झाली. परंतु खरे धाडस पुढच्या निर्णयात होते: शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊसही नाही. हाती आलेले पाणी जपून वापरणे हे ते अडवण्यापेक्षा अवघड असते. पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसारच पिके ठरतात.