देवळापुढचे झाड

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, सभामंडप, फरशी आणि रंगकाम यांचा तपशील स्मरणिकेत येतो, व तो यावयासच पाहिजे. परंतु ज्याच्या सावलीत बसून गावाने भजने ऐकली, सोयरिकी जमविल्या आणि बांधाचे तंटे मिटविले, त्या झाडाच्या वाट्याला अशा पुस्तिकेत सहसा एक ओळही येत नाही.

कात्रजला झाडांचा इतिहास जुना आहे. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शाएस्तेखानाची बोटे छाटली. त्या रात्री कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटविले व मोगलांची फौज भलत्याच दिशेला धावली, अशी आख्यायिका आहे. 'कात्रजचा घाट दाखविणे' हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला असे म्हणतात. पुढे १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी येथे तलाव बांधवून जमिनीखालच्या नळाने पुणे शहरात पाणी नेले. गावाचे पाणी शनिवारवाड्याच्या हौदात पोहोचले, हे मात्र आख्यायिका नव्हे.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी नियम आहेत. आंबा, फणस ही रयतेची झाडे तिच्या राजीखुशीवाचून व मोबदल्यावाचून तोडू नयेत, असा त्यांचा आशय आहे. झाड वाढवायला माणसाची वर्षे जातात, ही जाण त्या हुकुमामागे आहे. सातबाऱ्याच्या शेरा रकान्यात झाडांची नोंद घेण्याची रीत आली ती पुष्कळ नंतर.

पुणे-सातारा रस्त्याच्या कडेचे वड जुन्या मंडळींनी पाहिले आहेत. वाटेवर वडच का, याचे कारण भाविकपणापेक्षा व्यवहाराचे अधिक आहे. वडाची पुरुषभर उंचीची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडी रोवली की ती मुळे धरते, आणि शेंडा गुराच्या तोंडापासून वर राहतो. रोपाला कुंपण लागते, राखण लागते. फांदीला त्या मानाने कमी. रस्ते रुंद झाले तेव्हा त्यांतील बरेच वड गेले. नंतर शहराच्या रस्त्यांवर गुलमोहोर आणि विलायती शिरीष आले. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा, विलायती शिरीष अमेरिका खंडातला. दोन्ही लवकर वाढतात व सावली देतात. पण गुलमोहोराचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ, म्हणून वळवाच्या वाऱ्यात तो आधी पडतो. देवळाशेजारी तो न लावलेला बरा. पिंपळाचे निराळेच. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी शिखराच्या सांध्यात पडते आणि मूळ चुन्यात शिरते. कित्येक देवळांच्या जीर्णोद्धाराचे मूळ अक्षरशः तेच असते.

या सर्व विचाराने आपल्या अंगणात बकुळीचे रोप लावले, हे योग्यच झाले. बकूळ सदाहरित, तिचा घेर गोल व दाट, फुलांचा वास ती वाळली तरी टिकतो. दोष एकच, ती सावकाश वाढते. तेव्हा जे काही बिघडायचे ते पहिल्या पाच-सात वर्षांतच बिघडणार.

बिघडवायला दुष्ट माणूस लागत नाही. मंडपाची दोरी खोडाला बांधली जाते, दिव्यांच्या माळेची तार गुंडाळून तशीच राहते, आणि खोड जाड होऊ लागले की तीच तार सालीत रुतते. उत्सवाला अडथळा नको म्हणून कोयत्याने खालच्या साऱ्या फांद्या एका सकाळी उतरविल्या जातात. या खालच्या फांद्याच पहिली काही वर्षे खोडाला पोसतात. त्या एकदम गेल्या की झाड उंच व लुकडे होते, उन्हाने साल भाजते. म्हणून पहिल्या वर्षी फक्त मोडकी फांदी काढावी, आणि शेंड्याला दोन टोके फुटली असतील तर एकच ठेवावे. पुढे दर वर्षी थोडे थोडे वर सरकावे; एकंदर पाल्याचा चौथा हिस्साही एका वेळी जाऊ देऊ नये. काम माघ-फाल्गुनात करावे, झडीच्या पावसात नको, वैशाखात तर नकोच.

जाड फांदी कापताना प्रथम खोडापासून वीतभर अंतरावर खालून करवत लावावी, मग त्याच्या किंचित पुढे वरून. नाहीतर फांदी आपल्या वजनाने साल ओरबाडत खाली येते. उरलेला खुंट मग फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून कापावा. आपल्याकडे खोडाशी सपाट कापून वर डांबर फासण्याची चाल होती. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शायगो यांनी शेकडो खोडे उभी चिरून पाहिली. झाड जखम बुजवीत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालते, आणि ती शक्ती त्या कंगोऱ्यात असते, हे त्यांनी १९७७ च्या सुमारास मांडले. डांबराने कूज थांबत नाही. म्हणजे मेहनत आणि डांबर दोन्ही वाया.

आता फरशीविषयी. देणगीदारांनी अंगणाला उत्तम फरशी दिली, तिचे मोल मोठे आहे; पण ती खोडाला भिडवू नये. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढण्याचा आदेश दिला. तेवढे आळे येथेही मोकळे राहावे. त्यात पालापाचोळा पसरावा, खोडाला मात्र टेकवू नये. उन्हाळ्यात रोज तांब्याभर पाण्याने मुळे वरच राहतात. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिल्यास ती खोल जातात. आधाराची काठी सैल बांधावी आणि वर्षाने काढून टाकावी.

कात्रज १९९७ साली पुणे महानगरपालिकेत गेले, त्यामुळे १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा येथे लागू आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज लेखी करावा लागतो. बकुळीच्या बाबतीत सध्या एवढेच काम आहे: शेंड्याला फुटलेल्या दोन टोकांपैकी रस्त्याकडचे टोक येत्या माघात काढायचे, आणि दिव्यांची तार उत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सोडवायची.